‘हॅव्ह’ : एका लहान क्रियापदाचा मोठा प्रपंच

इंग्रजी भाषेत सर्वांत अधिक वापरली जाणारी क्रियापदे कोणती, असा प्रश्न केला असता मोठमोठे भारदस्त शब्द पुढे येत नाहीत. ‘बी’, ‘हॅव्ह’ आणि ‘डू’ ही तीन ठेंगणी क्रियापदेच त्या भाषेचा गाडा ओढीत असतात. त्यांपैकी ‘हॅव्ह’ या क्रियापदाची थोडी विस्ताराने ओळख करून द्यावी, असे आम्ही योजिले आहे. कारण उघड आहे. निबंधाच्या वह्या तपासताना आमची जेवढी लाल शाई या एका शब्दापायी खर्च होते, तेवढी अन्य कोणत्याही शब्दापायी होत नसेल. धड्याखालच्या शब्दार्थांत ‘हॅव्ह म्हणजे जवळ असणे’ एवढे छापलेले असते. विद्यार्थी ते इमानाने पाठ करतो, आणि दुसऱ्या दिवशी ‘गाईला चार पाय असतात’ या साध्या वाक्याचे इंग्रजी करावयास बसला की ‘द काऊ इज हॅव्हिंग फोर लेग्ज’ असे लिहून मोकळा होतो.

या चुकीचे मूळ विद्यार्थ्याच्या आळसात आहे, असे पुष्कळ पालक समजतात. आमचे मत निराळे आहे. ज्या विद्यार्थ्याची मातृभाषा मराठी आहे, त्याला या शब्दाशी झगडावे लागणे स्वाभाविक आहे. कारण मराठीत ‘हॅव्ह’ या अर्थाचे क्रियापदच नाही. हे विधान ऐकून काही वाचक दचकतील. तेव्हा प्रथम त्याचाच उलगडा करू.

इंग्रज मनुष्य ‘आय हॅव्ह टू ब्रदर्स’, ‘आय हॅव्ह टेन रुपीज’, ‘आय हॅव्ह अ फीव्हर’, ‘धिस टेबल हॅज फोर लेग्ज’, ‘शी हॅज करेज’ अशी पाच वाक्ये बोलतो, आणि पाचही ठिकाणी त्याला एकच क्रियापद पुरते. आता हीच वाक्ये आपल्या घरच्या मराठीत म्हणून पाहा. मला दोन भाऊ आहेत. माझ्याजवळ दहा रुपये आहेत. मला ताप आहे. या टेबलाला चार पाय आहेत. तिच्या अंगी धैर्य आहे. क्रियापद सर्वत्र ‘असणे’ हेच. परंतु ज्याचे काही आहे त्याला कोठे ‘ला’ लागला, कोठे ‘जवळ’ लागले, कोठे ‘अंगी’ आले. हा फरक वरवरचा नाही. भाऊ हा नात्याने असतो, रुपया खिशात असतो, ताप अंगावर येऊन जातो, पाय हा टेबलाचाच अवयव असतो आणि धैर्य मनुष्याच्या ठायी वसत असते. या पाच गोष्टी पाच तऱ्हांनी ‘असतात’, हे मराठी भाषेने ओळखले आहे. हा भेद किती पक्का आहे, हे पाहावयाचे असेल तर तो मोडून पाहावा. ‘टेबलाजवळ चार पाय आहेत’ असे कोणी म्हटले, तर ऐकणारा घाबरून टेबलाच्या आसपास पाहू लागेल!

त्याहून बारीक भेद घ्या. ‘माझ्याजवळ पुस्तक आहे’ म्हणजे ते या क्षणी हाताशी किंवा दप्तरात आहे. मग ते ग्रंथालयाचे असो वा मित्राचे. ‘माझ्याकडे पुस्तक आहे’ म्हणजे ते माझ्या ताब्यात आहे, कदाचित घरच्या फडताळात असेल. ‘पुस्तक माझे आहे’ म्हणजे मालकी माझी, मग सध्या ते कोणाकडेही असो. इंग्रजीतील ‘आय हॅव्ह अ बुक’ या वाक्यात यांतले पहिले दोन्ही अर्थ मावतात, आणि बहुधा तिसराही. म्हणूनच इंग्रजाला नेमके बोलावयाचे झाले की पदरचे शब्द जोडावे लागतात. खिशात पैसे नाहीत पण घरी आहेत, हे सांगताना तो ‘आय हॅव्ह नो मनी ऑन मी’ असे म्हणतो. त्यातील ‘ऑन मी’ हे आपल्या ‘जवळ’चे काम करते. मालकीवर जोर द्यावयाचा असेल, तर ‘ओन’ हे वेगळेच क्रियापद त्याला बोलवावे लागते.

आमच्या सीमाभागातील विद्यार्थ्यांना याची आणखी एक गंमत दाखविता येते. एकाच बाकावर बसणाऱ्या तीन मुलांपैकी एकाच्या घरी मराठी, दुसऱ्याच्या घरी आमच्यासारखी कोंकणी, तर तिसऱ्याच्या घरी कानडी बोलली जाते. कोंकणी मुलगा ‘म्हाका दोन भाव आसात’ म्हणतो आणि पैशांविषयी बोलताना ‘म्हजेकडेन पयशे आसात’ म्हणतो. कानडी मुलगा भावांविषयी ‘ननगे इब्बरु अण्णंदिरु इद्दारे’ म्हणतो, आणि पैशांची गोष्ट निघाली की ‘नन्न हत्तिर हण इदे’ म्हणतो. यांतले ‘ननगे’ म्हणजे मला आणि ‘हत्तिर’ म्हणजे जवळ. मराठी व कोंकणी या आर्यकुळातल्या भाषा, कानडी द्रविड कुळातली. परंतु नात्याला ‘मला’ आणि पैशाला ‘जवळ’ ही वाटणी तिघींनीही सारखीच केली आहे. हिंदीतही ‘मेरे दो भाई हैं’, ‘मेरे पास पैसे हैं’ आणि ‘मुझे बुखार है’ असा तिहेरी भेद आहेच. संस्कृतातही ‘मम द्वौ भ्रातरौ स्तः’, म्हणजे शब्दशः ‘माझे दोन भाऊ आहेत’, हीच नेहमीची रीत. तेव्हा ‘हॅव्ह’पुढे अडणारा विद्यार्थी एकटा नाही. एमिल बेनव्हेनिस्त या फ्रेंच भाषाशास्त्रज्ञाने १९६० साली ‘असणे’ आणि ‘जवळ असणे’ या दोन क्रियापदांवर एक निबंध लिहिला. जगातील भाषांचा विचार करता ‘हॅव्ह’सारखे स्वतंत्र क्रियापद ही विरळा गोष्ट असून ‘अमक्याला असणे’ हीच अधिक प्रचलित तऱ्हा होय, असे त्याने त्यात दाखविले आहे. म्हणजे या बाबतीत तऱ्हेवाईक असेलच तर ती इंग्रजी!

आता त्या गाईकडे वळू. ‘इज हॅव्हिंग’ हे आले कोठून? आमच्या समजुतीप्रमाणे याचे उत्तर आपल्या ‘आहे’ या शब्दात आहे. ‘मी लिहीत आहे’ याचे इंग्रजी ‘आय अ‍ॅम रायटिंग’, हे मुलांच्या मनावर लहानपणी इतके बिंबलेले असते, की ‘आहे’ दिसले रे दिसले की ‘अ‍ॅम’, ‘इज’, ‘आर’ आणि पाठोपाठ ‘आयएनजी’ आपोआप हजर होतात. ‘मला दोन भाऊ आहेत’ यातही ‘आहेत’ आहेच! मग ‘आय अ‍ॅम हॅव्हिंग टू ब्रदर्स’ असे वाक्य सहज तयार होते. ते अशुद्ध आहे, याचे कारण असे की ‘हॅव्ह’ची दोन रूपे आहेत. एक स्थिर आणि दुसरे चालते. भाऊ असणे, पाय असणे, घर असणे ही स्थिती आहे; तिच्यात काही घडत नाही. अशा स्थिर ‘हॅव्ह’ला ‘आयएनजी’ चालत नाही. याउलट ‘वी आर हॅव्हिंग लंच’ हे वाक्य निर्दोष आहे. कारण जेवण ही घडणारी क्रिया आहे.

हे दोन्ही ओळखण्यासाठी इंग्रजी व्याकरणाचे जाडे पुस्तक उघडण्याची गरज नाही. कसोटी मराठीतच आहे. वाक्य मराठीत ‘-त आहे’ या रूपात बोलून पाहावे. ‘आम्ही जेवत आहोत’ असे आपण म्हणतो, म्हणून ‘हॅव्हिंग लंच’ शुद्ध. ‘ती अंघोळ करीत आहे’ म्हणतो, म्हणून ‘शी इज हॅव्हिंग अ बाथ’ शुद्ध. ‘मला अडचण येत आहे’ म्हणतो, म्हणून ‘आय अ‍ॅम हॅव्हिंग डिफिकल्टी’ हेही शुद्ध. पण ‘मला दोन भाऊ असत आहेत’ असे या पृथ्वीतलावर कोणी मराठी माणूस म्हणतो काय? नाही ना? मग तेथे ‘हॅव्हिंग’ नको. आमच्या वर्गात ही ‘असत आहेत’ची युक्ती सांगितली की हशा पिकतो, आणि हसून झाले की मुले ती विसरत नाहीत. दुखण्याखुपण्यापाशी मात्र ही कसोटी हुकते, तेवढे ध्यानात ठेवावे. आपले डोके ‘दुखत आहे’ असते, तरी इंग्रजीत बहुधा ‘आय हॅव्ह अ हेडेक’ असेच म्हणतात. ताप, सर्दी, पडसे यांची गणनाही त्या भाषेत स्थितीतच होते.

येथे थोडे विषयांतर करावेसे वाटते. आमच्या एका माजी विद्यार्थिनीने शहरातल्या एका कार्यालयात दिलेल्या मुलाखतीची हकीकत आम्हांस सांगितली. घरची माहिती विचारली असता तिने ‘आय अ‍ॅम हॅव्हिंग थ्री सिस्टर्स’ असे उत्तर दिले, आणि समोर बसलेल्या दोघांनी एकमेकांकडे पाहून स्मित केले. पुढची सर्व उत्तरे येत असूनही तिच्या तोंडून शब्द फुटेना. हिशेबात ती वर्गात पहिली होती. त्या स्मितामागे ज्ञान नव्हते, हे आम्ही निःसंकोचपणे म्हणतो. हा प्रयोग काश्मीरपासून केरळपर्यंत लक्षावधी सुशिक्षित भारतीय करतात. तो एकेकट्याचा प्रमाद नसून आपल्या भाषांच्या वळणाचा ठसा आहे, आणि भारतीय इंग्रजीचे वर्णन करणारे विद्वान त्याची तशी नोंदही करतात. परीक्षकाच्या दृष्टीने तो दोष ठरतो, म्हणून तो टाळावयास शिकावे हे खरे. पण तो तोंडून गेला म्हणून मान खाली घालण्याचे प्रयोजन नाही. पालकांनीही घरी मुलाचे इंग्रजी सुधारताना हे स्मित ओठांवर येऊ देऊ नये, अशी आमची विनंती आहे.

असो. आतापर्यंत ‘हॅव्ह’ हे क्रियापद स्वतःच्या पायांवर उभे असलेले पाहिले. परंतु त्याचे अर्धे आयुष्य दुसऱ्या क्रियापदांच्या सेवेत जाते. ‘आय हॅव्ह रिटन द लेटर’ या वाक्यात काहीही ‘जवळ असण्याचा’ संबंध दिसत नाही. मग हा शब्द तेथे शिरला कसा? याची कथा मनोरंजक आहे. जुन्या इंग्रजीत या वाक्याची रचना ‘आय हॅव्ह द लेटर रिटन’ अशा धर्तीची असे; अर्थ असा, की ‘लिहिलेले पत्र माझ्याजवळ आहे’. त्या काळी ‘लिहिलेले’ हे पत्राचे विशेषण समजले जाई, आणि पुष्कळदा पत्राच्या लिंगवचनाप्रमाणे त्याचे रूपही बदलत असे. कालांतराने ‘रिटन’ हा शब्द सरकत ‘हॅव्ह’च्या शेजारी येऊन बसला, लिंगवचनाचा प्रत्यय गळून पडला, आणि पत्र जवळ असो वा टपालात पडलेले असो, ‘लिहिण्याचे काम झाले आहे’ एवढाच अर्थ शिल्लक राहिला.

मराठी मुलाला हा इतिहास ओळखीचा वाटावयास हवा. ‘मी पत्र लिहिले आहे’, ‘मी चिठ्ठी लिहिली आहे’, ‘मी निबंध लिहिला आहे’ या वाक्यांत लिहिणारा एकच. तरी क्रियापद मात्र पत्र, चिठ्ठी, निबंध यांच्या लिंगाप्रमाणे फिरते. इंग्रजीने जी खूण केव्हाच पुसून टाकली, ती मराठीने जपून ठेवली आहे. आणि पुन्हा पाहा, शेवटी आले ते ‘आहे’च. इंग्रजाने पूर्ण झालेले काम सांगण्यासाठी ‘हॅव्ह’ योजले, आपण ‘असणे’ योजिले.

या ‘हॅव्ह’ची एक अट मात्र कडक आहे. काम केव्हा झाले ते सांगितले की त्याला निरोप द्यावा लागतो. ‘आय हॅव्ह सीन द गोकाक फॉल्स’, हे योग्य. ‘आय सॉ द गोकाक फॉल्स लास्ट इयर’, हेही योग्य. पण ‘आय हॅव्ह सीन द गोकाक फॉल्स लास्ट इयर’ हे चुकले. मराठीत ‘मी गेल्या वर्षी गोकाकचा धबधबा पाहिला आहे’ असे बिनदिक्कत म्हणता येते, म्हणून आपली मुले येथे घसरतात. दुसरे घसरण्याचे ठिकाण याच्या उलट आहे. ‘मी पाच वर्षांपासून येथे राहत आहे’ याचे इंग्रजी ‘आय अ‍ॅम लिव्हिंग हिअर सिन्स फाइव्ह इयर्स’ असे नव्हे, तर ‘आय हॅव्ह लिव्ड हिअर फॉर फाइव्ह इयर्स’ असे होते. जे मागे सुरू झाले आणि अजून चालू आहे, ते इंग्रज ‘हॅव्ह’च्या हवाली करतो.

‘हॅड हॅड’ पाहून मुलांना छपाईची चूक वाटते. ‘व्हेन द बेल रँग, वी हॅड हॅड अवर लंच’, म्हणजे घंटा झाली तेव्हा आमचे जेवण उरकले होते. पहिला ‘हॅड’ चाकर आणि दुसरा ‘हॅड’ मालक, एवढे सांगितले की पुरे.

आता ‘हॅव्ह टू’. ‘आय हॅव्ह टू गो’ म्हणजे मला गेले पाहिजे, मला जावे लागत आहे. कोंकणीत आम्ही ‘म्हाका वचचें पडटा’ म्हणतो. जवळ असण्याच्या शब्दातून ही सक्ती कशी निघाली? येथेही शब्दाने जागा बदलली आहे. ‘आय हॅव्ह अ लेटर टू राइट’, म्हणजे माझ्यापाशी एक पत्र लिहावयाचे आहे, या वाक्यातून ‘आय हॅव्ह टू राइट अ लेटर’ हे वाक्य जन्मले. आणि मराठीत आपण काय म्हणतो? ‘मला पत्र लिहायचे आहे.’ म्हणजे ‘मला भाऊ आहेत’ या वाक्याचाच साचा! वाट दोन्ही भाषांनी एकच धरली. फक्त ओझे वाहणारा बैल निराळा. उच्चाराविषयीही एक शब्द सांगतो. या प्रयोगात इंग्रज ‘हॅव्ह टू’ असे सुटे न म्हणता ‘हॅफ टू’ असे म्हणतो. रेडिओवर ऐकताना मुले गोंधळतात, म्हणून लिहिले.

‘मस्ट’ आणि ‘हॅव्ह टू’ हे होकारार्थी असताना जवळजवळ एकाच अर्थाचे वाटतात. नकार आला की मात्र दोघे दोन दिशांना पळतात. ‘यू मस्ट नॉट आन्सर ऑल द क्वेश्चन्स’ म्हणजे सर्व प्रश्नांची उत्तरे लिहू नका, अशी मनाई. ‘यू डू नॉट हॅव्ह टू आन्सर ऑल द क्वेश्चन्स’ म्हणजे सर्व उत्तरे लिहिलीच पाहिजेत असे नाही, अशी मोकळीक. औषधाच्या बाटलीवर किंवा यंत्राच्या सूचनेत हे दोन अर्थ अदलाबदल झाले, तर केवळ गुण जाऊन भागत नाही. मराठीत ‘करू नये’ आणि ‘केले नाही तरी चालेल’ असे दोन स्वच्छ प्रयोग आहेत. त्यांपैकी आपल्या मनात कोणता आहे, ते आधी ठरवावे आणि मग इंग्रजी शब्दाला हात घालावा.

‘हॅव्ह’च्या प्रपंचातील आणखी एक प्रयोग सांगितल्यावाचून राहवत नाही, कारण त्यात शब्दांचा क्रम हाच सर्वस्व आहे. ‘आय हॅव्ह कट माय हेअर’ म्हणजे मी माझे केस स्वतः कापले आहेत. ‘आय हॅव्ह हॅड माय हेअर कट’ म्हणजे मी केस कापून घेतले आहेत, अर्थात केशकर्तनालयात जाऊन. आपल्याकडे हा भेद ‘घेणे’ या क्रियापदाने होतो: कपडे शिवून घेतले, घर रंगवून घेतले, दात काढून घेतला. इंग्रजाला तो ‘हॅड’ आणि शब्दाची जागा यांनी साधावा लागतो. परंतु ‘हॅड’ म्हणजे प्रत्येक वेळी ‘करवून घेतले’ असे मात्र धरून चालू नये. ‘ही हॅड हिज पॉकेट पिक्ट’ याचा अर्थ त्याचा खिसा कापला गेला, असा आहे. ‘त्याने खिसा कापून घेतला’ असे भाषांतर करणाऱ्या विद्यार्थ्याने त्या बिचाऱ्यावर दुहेरी अन्याय केला म्हणावयाचा!

चहा, फराळ, गप्पा, फेरफटका यांच्या बाबतीतही इंग्रज ‘हॅव्ह’च वापरतो: ‘हॅव्ह टी’, ‘हॅव्ह अ वॉक’, ‘हॅव्ह अ लुक’. पाहुण्याला आपण ‘घ्या ना आणखी थोडे’ म्हणतो, तेथे तो ‘हॅव्ह सम मोर’ म्हणतो. यांची यादी देण्यात अर्थ नाही. वाचता वाचता ती अंगवळणी पडते. ‘तुझ्याकडे पेन्सिल आहे काय?’ हे मात्र विचारावे कसे, याविषयी घरोघरी मतभेद आढळतात. आजोबा ‘हॅव्ह यू अ पेन्सिल?’ असे शिकले. वडिलांच्या पुस्तकात ‘हॅव्ह यू गॉट अ पेन्सिल?’ असे होते. नातू ‘डू यू हॅव्ह अ पेन्सिल?’ म्हणतो. तिघेही बरोबर आहेत. पहिली तऱ्हा आता फारशी कानी पडत नाही, आणि तिसरी, जी पूर्वी विशेषेकरून अमेरिकेची समजली जाई, ती आज सर्वत्र मान्य आहे. तेव्हा या प्रश्नावरून आजोबा-नातवांनी भांडू नये.

या शब्दाचे कूळ कोणते, असा प्रश्न चौकस विद्यार्थी विचारील. जर्मन भाषेत याच अर्थाचे ‘हाबेन’ आहे, आणि ते ‘हॅव्ह’चे सख्खे भावंड होय. लॅटिनमध्ये ‘हाबेरे’ आहे. अर्थ तोच, रूपही किती जवळचे! परंतु हे साम्य फसवे आहे. याकोब ग्रिम या जर्मन पंडिताने १८२२ साली मांडलेल्या नियमाप्रमाणे लॅटिनमधल्या आरंभीच्या ‘क’च्या जागी इंग्रजीत ‘ह’ येतो. लॅटिन ‘केन्तुम’, इंग्रजी ‘हंड्रेड’. लॅटिन ‘कोर्नू’, इंग्रजी ‘हॉर्न’, म्हणजे शिंग. लॅटिन ‘कानिस’, इंग्रजी ‘हाउंड’, म्हणजे कुत्रा. या हिशेबाने ‘हॅव्ह’चा लॅटिन भाऊबंद ‘हाबेरे’ ठरत नाही, तर ‘कापेरे’ ठरतो. आणि ‘कापेरे’ म्हणजे पकडणे, हस्तगत करणे. म्हणजे इंग्रजांच्या पूर्वजांनी जे मुठीत धरले, ते कालांतराने त्यांचे ‘झाले’. उलट लॅटिन ‘हाबेरे’चा संबंध बहुतेक विद्वान इंग्रजी ‘गिव्ह’शी, म्हणजे देण्याशी, जोडतात. एकाचे घेणे ते दुसऱ्याचे देणे, असा हा शब्दांचा व्यवहार आहे.

लॅटिनच्या लेकीबाळींपैकी पोर्तुगीज ही आम्हां गोव्याशी नातेगोते असलेल्यांना थोडी अधिक परिचित. १९६१ च्या डिसेंबरात गोवा मुक्त झाला, त्यापूर्वी तेथील पुष्कळांचे शिक्षण त्याच भाषेत झालेले. तिच्यात ‘हाबेरे’पासून आलेले क्रियापद मालकीच्या कामातून केव्हाच निवृत्त झाले असून त्याची जागा ‘तेर’ने घेतली आहे. हे ‘तेर’ आले लॅटिन ‘तेनेरे’पासून, आणि त्याचा मूळ अर्थ आहे धरून ठेवणे. पुन्हा मूठच! ताप आला की पोर्तुगीज मनुष्य ‘तेन्यु फेब्र’ म्हणतो, म्हणजे शब्दशः तो ताप धरून ठेवतो. शेजारचा कोंकणी माणूस ‘म्हाका जोर आयला’ म्हणतो. त्याच्या दृष्टीने ताप ही काही बाळगावयाची वस्तू नव्हे. ते आगंतुक आहे, आले तसे जाईल.

या दोन तऱ्हांच्या संधीवर उभा राहिलेला एक मनुष्य इतिहासात होऊन गेला, तो म्हणजे फादर थॉमस स्टीफन्स. जन्माने इंग्रज, १५७९ साली गोव्यास आले ते तेथलेच होऊन राहिले. १६१६ साली त्यांचे मराठी ‘क्रिस्तपुराण’ छापून निघाले. त्यांनी कोंकणीचे व्याकरण पोर्तुगीज भाषेत लिहिले. ते त्यांच्या मृत्यूनंतर १६४० साली रायतूर येथे छापले गेले. १५८३ साली आपल्या बंधूस पाठविलेल्या पत्रात त्यांनी इकडच्या भाषांची ठेवण ग्रीक व लॅटिन यांच्याशी जुळते, असे नमूद केले आहे. सर विल्यम जोन्स यांनी संस्कृत, ग्रीक व लॅटिन यांच्या नात्याविषयी कलकत्त्यास जे प्रसिद्ध व्याख्यान दिले, ते १७८६ चे; म्हणजे स्टीफन्स यांचे पत्र त्याच्या दोनशे वर्षे आधीचे. त्यांच्या मातृभाषेत ‘हॅव्ह’, रोजच्या व्यवहारात ‘तेर’, आणि लेखणीखाली मराठी-कोंकणीचे ‘असणे’. तरी ते ‘मला आहे’ या प्रयोगाशी अडले नसावेत. कारण लॅटिनमध्ये ‘हाबेरे’बरोबरच ‘मिही एस्त’, म्हणजे अक्षरशः ‘मला आहे’, हा प्रयोगही चालत असे. ज्याला दोन्ही वाटा ठाऊक आहेत, त्याला कोणतीच बिकट वाटत नाही. इंग्रजाला मराठी शिकताना जी वाट चढावी लागली, तीच आपण इंग्रजी शिकताना उतरत आहोत, एवढाच काय तो फरक.

शेवटी एक शब्दजोडी, जी वर्तमानपत्रांत नेहमी वाचावयास मिळते. समाजातील संपन्न आणि निर्धन यांना इंग्रजीत ‘द हॅव्ह्ज अँड द हॅव्ह-नॉट्स’ म्हणतात. क्रियापदाचेच नाम बनविले, आणि तेही जुन्या वळणाचे. कारण आज बोलताना ‘आय हॅव्ह नॉट’ असे न म्हणता ‘आय डोन्ट हॅव्ह’ असे म्हटले जाते. ही जोडी मराठीत आणताना भाषांतरकारांपुढे मोठाच पेच होता. कारण ‘हॅव्ह’च नाही, तर त्याचे नाम कोठून आणावे? त्यांनी ‘जवळ असणारे’ आणि ‘जवळ नसणारे’ असली लांबलचक जोडी केली नाही. त्यांनी सरळ आपल्या ‘असणे’कडे धाव घेतली, आणि ‘आहे रे’ वर्ग व ‘नाही रे’ वर्ग असे दोन शब्द मराठीला दिले.